प्रादेशिक योजना शासनाची, डीपी पालिकेचा. मग हिशेब कोणी ठेवायचा? (मुंबई महानगर प्रदेश)

नकाशेवाला

मुंबईत एखाद्या मैदानाचे आरक्षण उठले की इथे शंभर प्रतिसाद पडतात. भिवंडी किंवा खालापूरकडचा शेतीचा पट्टा नकाशात हिरव्याचा पिवळा (हरितचा नागरी) झाला, तर चार ओळीसुद्धा कोणी लिहीत नाही. पाणी, लोकल, कचरा आणि भाडी या सगळ्यांवर त्या पिवळ्या रंगाचा परिणाम जास्त होतो. म्हणून हा धागा.

आधी चौकट. मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात सर्वांत वर प्रादेशिक योजना, तिच्याखाली विकास योजना (आपला डीपी) आणि तळाला नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. कलम २७ म्हणते की डीपी करताना पालिकेने प्रादेशिक योजनेतल्या प्रस्तावांची दखल घ्यायची आणि त्यांना धरून चालायचे. महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ ला मंजूर झाली, दुसरी १९९९ ला आणि २०१६-३६ ची तिसरी २०२१ ला. प्रदेशात नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, वसई-विरार, मीरा-भाईंदर आणि पनवेल. त्याशिवाय नगरपालिका आणि ग्रामपंचायती वेगळ्या. २०१९ मध्ये प्रदेशाची हद्द वाढून क्षेत्र सुमारे ६,३२८ चौ. किमी. झाले. वाढीव भागाला महानगराची प्रादेशिक योजना आपोआप लागू झाली असे धरून चालू नका. गावाचे नाव अधिसूचनेत शोधा.

माझे म्हणणे असे: 'शासन सगळे ठरवते, पालिकेला विचारतो कोण' ही तक्रार अर्धीच खरी आहे. राज्याची योजना खालून येणाऱ्या माहितीवर उभी राहते आणि ती माहिती तयार करणे हे स्थानिक संस्थेचेच काम आहे. तिथे ढिलाई झाली की पुढे वर कोणीही बसले तरी चूक नकाशात छापली जाते.

डीपीचा क्रम बघा. कलम २३ खाली इरादा जाहीर करायचा, कलम २५ खाली सहा महिन्यांत विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करायचा आणि कलम २६ खाली इराद्यापासून दोन वर्षांत प्रारूप प्रसिद्ध करायचे. बहुतेक ठिकाणी सगळा वेळ या दुसऱ्या पायरीवर जातो आणि तरीही ती नीट होत नाही. ठरलेले घोळ हे:

उपग्रह प्रतिमेवर गाव नकाशा बसवताना गटांच्या रेषा पाच-दहा मीटर सरकतात. टिपण आणि फाळणीबारा (गटांच्या मोजणीचे मूळ कागद) काढून जागेवर ताळा घेतला तर हे सापडते, पण एजन्सीला पैसे पत्रकावर मिळतात, ताळ्यावर नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरची बालवाडी 'निवासी' म्हणून जाते आणि पुढे शाळांची गरज मोजताना आकडा चुकतो. नाला रेषा म्हणून दाखवतात, रुंदी देतच नाहीत. मग नाल्यातच बारा मीटरचा रस्ता आखला जातो. गावठाणाची हद्द मोजलेली नसते. कोळीवाड्यातली जाळी वाळवायची मोकळी जागा 'रिकामी' म्हणून रंगते, आणि एकदा रिकामी रंगली की तिथे आरक्षण पडणारच.

मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा शासनाने परत पाठवला, त्यामागे हेच होते. वारसा वास्तू गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते, चुकलेली नावे. सुधारित प्रारूप २०१६ ला आले, मंजुरी मे २०१८ ला मिळाली. तीन वर्षे गेली.

कलमकसाई

माहितीचा मुद्दा मान्य. पण अधिकारांचा भाग तुम्ही हलक्यात काढलात.

पालिकेने प्रारूप प्रसिद्ध केले, हरकती घेतल्या, कलम २८ च्या नियोजन समितीने सुनावण्या केल्या, सभागृहाने ठराव केला, असे सगळे सोपस्कार होऊन आराखडा कलम ३० खाली शासनाकडे जातो. कलम ३१ खाली शासन तो जसाच्या तसा, बदलून किंवा तुकड्यातुकड्यांनी मंजूर करू शकते. मोठे फेरबदल असलेला भाग वगळून ठेवतात, त्यालाच ईपी म्हणतात, आणि त्यावर वेगळ्या हरकती मागवतात. मुंबईत मूळ मंजुरीनंतर ईपीचे निर्णय हप्त्याहप्त्याने आले ते यामुळे.

मंजुरीनंतर फेरबदलाचे रस्ते तीन आहेत आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

नेहमीचा रस्ता कलम ३७(१). पालिकेचा ठराव, राजपत्रात आणि वृत्तपत्रात नोटीस, एक महिना हरकती, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. शासनाने निर्देश दिला तर पालिकेने साठ दिवसांत नोटीस काढायची असते. काढली नाही तर ३७(१अ) खाली शासनच काढते. म्हणजे पालिकेने नाही म्हणायचे म्हणून गप्प बसणे हा मार्ग कायद्याने बंद आहे.

दुसरा ३७(१अअ). जनहितार्थ तातडी आहे असे शासनाला वाटले तर ते थेट नोटीस काढते. यात पालिकेचा ठराव लागत नाही.

तिसरा कलम १५४, म्हणजे शासनाचे निर्देश. बरेचदा ३७(१अअ) ची नोटीस आणि १५४ चा निर्देश जोडीने येतात: हरकती मागवणे एकीकडे चालू आणि नवा नियम आजपासून लागू. हरकतींना मग किती किंमत उरते ते तुम्हीच ठरवा.

प्रादेशिक योजनेतला बदल कलम २० खाली होतो. तिथेही नोटीस आणि हरकती आहेत, पण निर्णय शासनाचा.

उत्तर वसई

धाग्याबद्दल आभार. दोन प्रश्न.

१. ग्रामपंचायतीला या साखळीत कुठे जागा आहे? ग्रामसभेने ठराव केला की आमचा पट्टा हरितच ठेवा, तर तो बंधनकारक असतो का?

२. महानगर नियोजन समिती म्हणून काहीतरी आहे ना? लोकनियुक्त लोक त्यात असतात असे वाचले होते. ती काय करते?

कलमकसाई

१. बंधनकारक नाही. प्रादेशिक योजनेचे प्रारूप कलम १६ खाली प्रसिद्ध होते तेव्हा हरकतींसाठी किमान चार महिने द्यावे लागतात. ग्रामपंचायतीचा ठराव त्या खिडकीत गेला तर तो हरकत म्हणून नोंदला जातो, सुनावणी मिळते आणि अहवालात त्याचे काय केले ते लिहावे लागते. खिडकी बंद झाल्यावर केलेला ठराव हा नुसता पत्रव्यवहार. डीपीसाठी पूर्वी साठ दिवस असायचे, आता तीस आहेत. ग्रामीण भाग एखाद्या डीपीत ओढला गेला तर मुदत चार महिन्यांवरून एका महिन्यावर येते हे लक्षात ठेवा.

२. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, अनुच्छेद २४३-यङ आला. दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्राला नियोजन समिती हवी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्राने १९९९ ला वेगळा कायदाही केला. तिने पालिका-पंचायतींच्या योजना एकत्र करून महानगराची विकास योजना बनवायची आणि शासनाकडे पाठवायची. पाणी आणि इतर साधनसंपत्तीचे वाटप हा विषय घटनेत शब्दशः लिहिलेला आहे.

अडचण अशी की १९६६ च्या कायद्याची प्रादेशिक योजना आणि घटनेतली महानगर विकास योजना यांचा सांधा नीट बसवलेलाच नाही. एकीचा नकाशा कायद्याने लागू होतो, दुसरीला नकाशाच नाही. अभ्यासू कर्मचारी, निधी, स्वतःचे कार्यालय यांपैकी काहीच नसलेली समिती कागद पुढे सरकवते.

मिठीकाठ

समितीला दात नाहीत हे खरे, पण निवडून आलेले लोकच नसले तर समिती तरी कशातून निवडणार? मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे प्रदीर्घ काळ प्रशासक होता. इतर महापालिकांतही तेच. कलम २८ च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. स्थायी समितीच नसेल तर त्या तीन खुर्च्यांचे काय? नवी मुंबईचे प्रारूप २०२२ ला आले ते याच काळात. आराखडा वीस वर्षांसाठी, आणि त्यावर सभागृहात एक दिवसही चर्चा नाही.

आणि खुद्द मुंबईत 'पालिकेचा आराखडा' म्हणताना थोडे थांबा. शहराचे क्षेत्र सुमारे ४५८ चौ. किमी. त्यातले ४३ च्या आसपास विशेष नियोजन प्राधिकरणांकडे आहे: वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ परिसर, मरोळची औद्योगिक वसाहत, सीप्झ वगैरे. धारावीचे वेगळे, झोपडपट्टी पुनर्वसनाचे वेगळे, आणि २०१८ पासून म्हाडाच्या वसाहतींना म्हाडाच परवानगी देते. मिठीचा एक काठ एका प्राधिकरणाच्या नकाशात, समोरचा दुसऱ्याच्या. पूररेषा मात्र नदीची एकच.

नवी मुंबईत याहून मजेशीर. जमीन सिडकोची, नियोजन महापालिकेचे. महापालिकेने प्रारूपात सिडकोच्या भूखंडांवर आरक्षणे टाकली, सिडकोने हरकत घेतली. एकाच राज्याच्या दोन संस्था, आणि मैदान हवे असलेला रहिवासी मध्ये.

पाणीपट्टी

मला सगळ्यात जास्त खटकते ते वेगळेच आहे. पट्टा बदलताना त्याची वहनक्षमता कोणी मोजत नाही. हिशेब अवघड नाही, पालिकेचा कनिष्ठ अभियंता कागदावर करू शकेल.

१०० हेक्टर हरित पट्टा नागरी केला असे धरा. रस्ते, आरक्षणे, मोकळ्या जागा वजा जाता निम्मा, ५० हेक्टर, प्रत्यक्ष घरांना राहतो. म्हणजे ५ लाख चौ. मी. भूखंड. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतला निवासी मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम) १.१. बांधकाम साडेपाच लाख चौ. मी. सरासरी ६० चौ. मी. चे घर धरले तर सुमारे ९,१०० घरे. घरी साडेचार माणसे: ४१,००० लोकसंख्या. माणशी १३५ लिटर म्हणजे रोज साडेपाच दशलक्ष लिटर; गळती १५ टक्के धरली तर पुरवठा साडेसहा हवा.

आता तोच पट्टा रुंद रस्त्यालगत, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) एफएसआय आणि टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) चढवून २.० ला बांधा. घरे १६,६००, माणसे ७५,०००, पाणी गळतीसह १२ दशलक्ष लिटरच्या घरात. सांडपाणी पुरवठ्याच्या ८० टक्के धरतात, ते वेगळे. नकाशावरचा रंग तोच राहतो, गरज जवळपास दुप्पट होते.

सूर्या प्रादेशिक योजनेचे एकूण ४०३ दशलक्ष लिटर आहे: वसई-विरारला १८५, मीरा-भाईंदरला २१८. या आकड्यांपुढे वरचे गणित ठेवून बघा. असे दहा-बारा पट्टे नागरी झाले तर वसईच्या वाट्याचा मोठा भाग नव्या वस्तीतच जिरतो, जुनी तहान तशीच. बारवी, भातसा, स्टेम (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरण) अशा स्रोतांच्या वाटणीचे करार आधी झालेले असतात. पट्टा बदलल्याने त्यात एक लिटरही वाढत नाही.

माझी मागणी साधी आहे. कलम २० किंवा ३७ खालच्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला स्थानिक संस्थेने एक पान जोडावे: कमाल परवानगीयोग्य एफएसआय धरून लोकसंख्या, पाणी कोणत्या स्रोतातून आणि कोणत्या वर्षी, सांडपाणी कुठे, कचरा कुठे. मूळ एफएसआय धरून नव्हे, कमाल धरून.

नकाशेवाला

पाणीपट्टी, हा या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद.

भर घालतो. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० ला आली. बृहन्मुंबई, औद्योगिक महामंडळाचे क्षेत्र, नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे, लोणावळा असे अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला. हेतू चांगला होता. शंभर ठिकाणचे शंभर नियम, वास्तुविशारदालाही आपण कोणत्या गावात आहोत ते आधी बघावे लागे. पण प्रत्येक शहराचा डीपी तिथल्या जुन्या एफएसआयवर बेतलेला होता: शाळा किती, मैदाने किती, पाण्याच्या टाक्या किती, रस्ता किती रुंद. एफएसआय राज्यासाठी एकदम बदलला, आरक्षणे जुन्या लोकसंख्येचीच राहिली. तेव्हा महापालिकांनी आपापल्या डीपीचा फेरहिशेब शासनाला पाठवायला हवा होता. डीपी सुधारण्याची कलम ३८ ची वीस वर्षे भरण्याची वाट बघायची गरज नव्हती.

तळटीप

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. 'राज्यव्यापी वाढ व्यवस्थापन' असा स्वतंत्र कायदा अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे. ओरेगॉनने १९७३ ला केला, वॉशिंग्टन राज्याने १९९० ला. ओरेगॉनमध्ये राज्य प्रत्येक शहराचा नकाशा काढत बसत नाही. राज्याने १९ उद्दिष्टे ठरवली आहेत: शेतजमीन, जंगल, घरे, वाहतूक, किनारा वगैरे. प्रत्येक शहराने स्वतःभोवती नागरी वाढीची सीमा आखायची, आत वीस वर्षे पुरेल इतकी जमीन ठेवायची, सीमेबाहेर शेती. आराखडा शहर किंवा काउंटी बनवते. राज्याचा आयोग तो उद्दिष्टांशी जुळतो का एवढेच तपासतो आणि आराखडे करायला अनुदान देतो. वाद झाला तर जमीनवापराचे वेगळे अपील मंडळ आहे.

आपल्याकडे उलटे. लेखी राज्यस्तरीय उद्दिष्टे नाहीत, पण एकेका भूखंडाच्या फेरबदलाची फाइल मंत्रालयात जाते.

कलमकसाई

ओरेगॉनची लोकसंख्या पन्नास लाखांहून कमी. तेवढी माणसे आपल्या उपनगरांतच आहेत. सीमा आखून तिच्या आत घरे परवडणारी ठेवणे त्यांनाही जड जाते आहे, हेही सांगा.

पण उद्दिष्टांचा मुद्दा घेण्यासारखा. सध्या न्यायालयात फेरबदलाला आव्हान द्यायचे तर प्रक्रिया चुकली यावरच जोर द्यावा लागतो. लेखी निकष असता तर आशयावरही बोलता आले असते.

सातबारा

सगळे नकाशावर बोलता आहात. पैशावर कोणी बोलत नाही, आणि आरक्षणे मरतात ती पैशाअभावी.

१०,००० चौ. मी. चे मैदान घ्या. बाजारभाव चौ. मी. ला ४०,००० धरा, गणितापुरता. जमिनीची किंमत ४० कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने नागरी भागात शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ८० कोटी, वर व्याज. ब वर्गातल्या नगरपालिकेने हे कुठून आणायचे? म्हणून टीडीआर. महानगरपालिकांत दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे मालकाच्या हाती २०,००० चौ. मी. पण तो वापरताना दोन्ही जागांच्या वार्षिक बाजारमूल्याचे गुणोत्तर लागते. टीडीआर निघाला तिथला दर ४०,००० आणि वापरायच्या जागेचा ८०,००० असेल तर प्रत्यक्ष वापर १०,००० चौ. मी. जमीनमालक हे गणित आधीच करून बसलेला असतो. बाजारात मागणी नसलेल्या गावात टीडीआर म्हणजे कागद.

आता कलम १२७. डीपी लागू होऊन दहा वर्षे झाली, जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना देऊ शकतो. पूर्वी प्राधिकरणाला सहा महिने होते, मग बारा झाले, २०१५ पासून चोवीस. एवढ्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी खरी पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत. नुसता 'प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला' हे पाऊल धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे.

चोवीस महिने कसे जातात? सूचना आवक विभागात पडते. तिथून मालमत्ता विभागाकडे जाते, कारण विषयात 'जमीन' लिहिलेले असते. तिथून विधी, तिथून नगररचना. नगररचना म्हणते, समुचित प्राधिकरण शिक्षण विभाग आहे, त्यांचा अभिप्राय घ्या. शिक्षण विभाग म्हणतो तरतूद नाही. सभागृहापुढे विषय येतो तेव्हा अठरा महिने गेलेले असतात, मोजणी बाकी असते.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: १२७ च्या सूचनांची वेगळी नोंदवही, पहिल्या पानावर मुदतीची शेवटची तारीख, आणि डीपीला आठ वर्षे झाली की सूचना येण्याची वाट न बघता आरक्षणांची छाननी. जी घ्यायची त्यांची संयुक्त मोजणी आत्ता. जी घेता येणारच नाहीत ती ३७ खाली मोकळ्या मनाने बदला आणि दुसरीकडे जागा द्या. शाळा, मंडई, दवाखाना असेल तर समावेशक आरक्षणाने मालकाकडूनच बांधून घ्या. त्यात पालिकेचा पैसा जात नाही, पण ताबा घेताना क्षेत्र आणि प्रवेशरस्ता मोजून घ्या. मागच्या बाजूला, तीन मीटरच्या बोळातून जाणारी मंडई मिळाली तर ती मंडई नसते.

मिठीकाठ

सातबारा, हद्दवाढीचा घोळही यात घाला. कल्याणच्या २७ गावांचे बघा. १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, मग महानगर प्राधिकरण नियोजनकर्ते, २०१५ ला पुन्हा महापालिकेत. २०२० ला त्यांतली १८ पुन्हा काढायचे ठरले, ते न्यायालयात गेले. या सगळ्या काळात एखाद्या इमारतीच्या परवानगीची फाइल कोणाकडे आहे हे शोधणे म्हणजे धन्य. अनधिकृत बांधकामे फोफावतात ती अशाच मधल्या काळात. नोटीस कोणी द्यायची हेच ठरत नाही. हद्द बदलण्याच्या अधिसूचनेसोबत परवानग्यांची यादी, नकाशांच्या प्रती आणि चालू नोटिसांची यादी हस्तांतरित झाली पाहिजे, पावती घेऊन.

पाणीपट्टी

किनाऱ्याबद्दलही एक. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० ला असतात. कांदळवनाच्या ५० मीटरच्या पट्ट्याची जाडी तिथे दोन मिलिमीटर. डीपी १:४,००० ला, तिथे साडेबारा मिलिमीटर. दोन मिलिमीटरची रेषा मोठी करून डीपीवर उतरवली की पेनाच्या जाडीनेच एखादी इमारत आत किंवा बाहेर जाते. म्हणून पालिकेने गाव नकाशाच्या प्रमाणातला स्थानिक किनारा नकाशा मागून घ्यावा आणि आरक्षणाच्या पत्रकात 'किनारा नियमांच्या अधीन' एवढे लिहून सुटू नये. बाधित क्षेत्र चौ. मी. मध्ये लिहावे.

उत्तर वसई

खूप माहिती मिळाली. आता एकच. पुढच्या खिडकीत ग्रामसभेचा ठराव किंवा साधी हरकत द्यायची असेल तर ती कशी लिहावी, म्हणजे 'नोंद घेतली' एवढ्यावर जाणार नाही?

नकाशेवाला

'आमच्या गावावर अन्याय' असे दोन पानी पत्र सुनावणीत दोन मिनिटांत संपते. समितीला पुढे शेकडो प्रकरणे असतात. तिला हवे असते ते एवढेच: कुठली जागा, काय चुकले, पुरावा काय, बदल काय.

सर्वांत वर प्रारूपाचे नाव, अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक, कलम. मग मौजे, तालुका, गट किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक, नकाशा पत्रकाचा क्रमांक आणि प्रस्तावाचा क्रमांक. हे चुकले तर हरकत दुसऱ्याच फाइलला लागते.

पुढे एका परिच्छेदात जागेवरची स्थिती, सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो. नकाशाचा तुकडा छापून त्यावर लाल रेषेने आपली हद्द दाखवा. मोबाइलवरचा नकाशा पूरक म्हणून चालतो. मोजणीच्या जागी तो ठेवू नका.

मग मागणी, मोजून: 'गट अमुकमधील ०.८० हेक्टर क्षेत्र नागरी क्षेत्रातून वगळून हरित क्षेत्रात ठेवावे.' 'योग्य तो विचार व्हावा' असे लिहिलेत तर तो होतो आणि अहवालात तेवढेच छापतात.

कारणे दोन-तीनच, पण वजनदार: पाण्याचा स्रोत नाही (पाणीपट्टी यांचे गणित कमाल एफएसआयने करून जोडा), पूररेषा, बागायत, प्रवेशरस्त्याची रुंदी. ग्रामसभेचा ठराव असेल तर सभेचा दिनांक, ठराव क्रमांक, उपस्थिती आणि ग्रामसेवकाची सही-शिक्का असलेली खरी प्रत. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती देण्यापेक्षा एक ठराव आणि प्रत्येक बाधित गटाची वेगळी हरकत जास्त कामाची. छापील प्रती एकत्र बांधून एक प्रकरण करतात.

पोच दिनांकासह घ्या. सुनावणीला लेखी निवेदनाची दुसरी प्रत द्या आणि तीही नोंदवून घ्या. अहवाल सादर झाल्यावर माहिती अधिकारात आपल्या क्रमांकापुढचा अभिप्राय मागा.

कलमकसाई

यात एक जोडा. तुमचा गट ज्या पट्ट्यात आहे त्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा प्रारूप प्रसिद्ध व्हायच्या आधीच काढून ठेवा. प्रारूपानंतर जुन्या पट्ट्याची प्रमाणित प्रत मिळायला आठवडे लागतात, आणि डीपीच्या तीस दिवसांतले दहा तिथेच जातात.

सातबारा

आणि दाखल्यावर 'शासकीय वापरासाठी नाही' असला शिक्का असेल तर परत द्या, साधा प्रमाणित मागा. सुनावणीत त्यावर अडकवतात.